आबांच्या वाटीतली अळणी

१

सुनीती घोरपडेच्या घरातून रोज सकाळी सांब्राणीच्या धूपाचा इतका धूर निघायचा की, खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण राजसबाईंना ही कोल्हापूरकडची पोरगी भलतीच देवभक्त वाटायची. खरं कारण गॅसवर असायचं. जाड बुडाच्या पातेल्यात बोकडाच्या नळ्या आणि पाय मंद आचेवर रटरटत असायचे. इथे तमिळ मुलखात, वेस्ट मांबलममधली ही जागा देताना राजसबाईंनी हात जोडून एकच गोष्ट मागितली होती, की घरात मटण-मासळी शिजवायची नाही. तंजावरच्या मराठ्यांतल्या त्या. एके काळी त्यांच्याही घरी शिजत असणार, पण नवरा गेल्यावर त्यांनी सोडलं आणि भाडेकरूंनाही सोडायला लावलं. सुनीतीने शब्द दिला होता आणि बरीच वर्षं पाळलाही होता. हुक्की आलीच तर टी. नगरच्या बँकेतून सुटल्यावर ती आणि तिचे वडील, आबा, हॉटेलात जाऊन जेवत.

मग आबा न्हाणीघरात घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं, आत सळई घातली. डॉक्टरांनी सुनीतीला बाजूला घेऊन सांगितलं, की आता खाणं आणि व्यायाम. हे लवकर उठले तर उठले, नाहीतर अंथरूण धरतील, आणि या वयात अंथरूण धरलेला माणूस फार दिवस काढत नाही.

आई जाऊन पुष्कळ काळ लोटला होता. सुनीतीने लग्न केलं नव्हतं. आबा, म्हणजे शरदचंद्र घोरपडे, आवडी गावातल्या रणगाड्यांच्या कारखान्यातले निवृत्त फोरमन, हे एवढंच माणूस तिच्या पदरी होतं. म्हणून तिने शब्द मोडला. कोडंबाक्कमच्या खाटकाकडून ती हाडं आणायची, साड्यांच्या दुकानाच्या कापडी पिशवीत, वर कोथिंबिरीची जुडी ठेवून. चोरी पकडली जाईल या भीतीने जिन्यात तिची छाती धडधडायची, आणि स्वतःचं हसूही यायचं.

आबांच्या खोलीत आणखी एक आजारी होता. बंडू. करड्या रंगाचा, पिवळ्या तुऱ्याचा, कॉकाटील जातीचा छोटा पोपट. आबा पडल्यापासून त्याने स्वतःच्याच छातीची पिसं उपटून काढली होती आणि मध्ये गुलाबी कातडी उघडी पडली होती. पक्ष्यांचे डॉक्टर म्हणाले, नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर ठेवलंय, दुसरं काय होणार. पक्षी पाळणाऱ्यांच्या एका ग्रुपवर कुणीतरी सुचवलं होतं, की हाडांचं सूप द्या, मीठ नको, कांदा-लसूण नको, रोज चमचाभर.

सुनीतीने ते आबांना वाचून दाखवलं. आबा उशीवर मान टाकून खदखदून हसले.

"अगं, मग ही आपली अळणीच की! एवढं इंग्रजीत सांगायला कशाला पायजे?"

कोल्हापूरकडे मटण शिजलं की मसाला पडण्याआधी पाणी बाजूला काढतात, त्याला म्हणायचं अळणी. पहिली वाटी घरातल्या लेकराला किंवा आजाऱ्याला. आता आजारी दोन होते. तेव्हापासून वाटी आबांची आणि चमचा बंडूचा, असं ठरलं.

२

बंडू बघता बघता सुधारला. छातीवर मऊ लव आली, मग खरी पिसं आली. तुरा ताठ झाला. सकाळी पातेल्याचं झाकण निघालं की तो पिंजऱ्याच्या दाराशी येऊन उभा राहायचा, आणि आबांनी चमचा पुढे केला की चोच आत बुडवून घटाघटा प्यायचा.

आबांचं मात्र पुढे सरकेना. एकदा सुनीती ऑफिसची साडी नेसता नेसता डोकावली तर चमच्यामागून चमचा पिंजऱ्यात चालला होता आणि वाटीचा तळ दिसत होता.

"आबा! ती तुमच्यासाठी आहे. मी काय राजसबाईंच्या डोळ्यांत धूळ त्याच्यासाठी फेकतेय?"

"पिऊ दे गं. त्याला बघ किती गरज आहे." आबा खुशीत होते. "आणि खरं सांगू? त्याला पाजायला लागल्यापासून माझं दुखायचं थांबलंय. लई हलकं वाटतं."

दुखणं थांबलं हे ऐकून तिला इतकं बरं वाटलं की ती रागवायचं विसरली.

त्याच आठवड्यात कधीतरी ती डबा भरत असताना बंडू उडत स्वयंपाकघरात आला आणि ओट्यावर, पोह्यांच्या डब्याच्या झाकणावर उतरला. आवाज आला, धप्प. कुणी नारळ ठेवावा तसा. सुनीतीने मागे वळून पाहिलं. झाकणावर बंडूच होता, मान तिरकी करून तिच्याकडे बघत. तो उडाल्यावर तिने झाकण हातात घेतलं. पत्र्याला मधोमध खोलगट पोचा पडला होता.

पोचा जुना असेल, असं ती म्हणाली. स्वतःलाच म्हणाली, मोठ्याने. बँकेत कर्जाचे कागद तपासणारी बाई ती, जे दिसतं त्याला कारण असतं असं मानणारी. संध्याकाळी मात्र तिचं लक्ष पिंजऱ्यातल्या झोक्याकडे गेलं. झोक्याची आडवी तार मधून खाली वाकली होती आणि पिंजरा ज्या हुकाला टांगला होता त्याच्याभोवती भिंतीचा चुना सुटला होता. तिने बंडूला बोटावर घ्यायला हात पुढे केला. तो बोटावर चढला आणि तिचं मनगट खाली गेलं.

तिने त्याला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवलं. काट्याने आकडा दाखवलाच नाही, नुसती आडवी रेघ. वजन पेलेनासं झालं की तो तशी रेघ दाखवायचा. तिने सेल बदलले. पुन्हा रेघ. मग तिने काटाच बिघडला असं ठरवून टाकलं आणि तो कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिला.

३

आबांना उचलून बसवणं हे आधी दोन माणसांचं काम होतं. व्यायाम करून घ्यायला येणारा मुरली एका बाजूने आणि सुनीती दुसऱ्या बाजूने. आता ती एकटीच त्यांना कुशीवर वळवायची, पाठ पुसायची, चादर बदलायची. हाताला सवय झाली, तिने मनाशी म्हटलं. मुरलीही खूश होता. त्याला मराठी येत नव्हतं आणि सुनीतीच्या तमिळची तो उघड थट्टा करायचा. आबांना तो सर नव्हे, 'सार' म्हणायचा.

"सार बारीक झालेत मॅडम. चांगलंच आहे, सांध्यावर भार कमी."

पण आबा बारीक झाले नव्हते. गाल तसेच भरलेले होते, पोट तसंच. सुनीतीला दुसरंच काही खुपत होतं आणि नक्की काय ते तिला सांगता येत नव्हतं. एका सकाळी ते लक्षात आलं. तिने आबांना बसवलं, त्यांच्या मागची उशी झटकायला घेतली, आणि झटकण्यासारखं काही नव्हतंच. रात्रभर डोकं टेकलेल्या उशीला खळगा पडला नव्हता. गादीलाही नाही. चादर दुकानातल्यासारखी सपाट होती.

त्या दिवशी बँकेत तिने दोनदा चुकीच्या कागदावर सही केली.

संध्याकाळी जिन्यातच राजसबाई भेटल्या. सुनीतीने कापडी पिशवी घाईघाईने मागे घेतली. पण बाईंचं लक्ष पिशवीकडे नव्हतं. त्यांचा चेहरा फुलला होता.

"काय गं, तुझे अप्पा हिंडायला लागले, सांगितलंही नाहीस? दुपारभर ऐकते मी. हळू हळू चालतात. वरी धप्प, धप्प. थांबतात, पुन्हा धप्प. शरी, बरं झालं, मारुतीला वड्यांची वडमाळ घालते बघ मी."

सुनीतीच्या अंगावर आनंदाने काटा आला. आबा लबाड आहेत, तिला चकित करायचं म्हणून चोरून चालण्याचा सराव करत असतील! ती उरलेल्या पायऱ्या धावत चढली.

"आबा, खरं सांगा. दुपारी उठता ना तुम्ही?"

"मी? नाही बा. मी आपला पडून असतो."

"राजसबाईंनी ऐकलं."

"त्यांचे कान म्हातारे झाले." आबांनी डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की आणखी विचारवेना. तिने पांघरूण सारखं करताना त्यांचे तळवे पाहिले. मऊ, गुलाबी, जमिनीला कित्येक दिवस न लागलेले.

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली, पण नेहमीसारखा डबा घेऊन, "येते हं आबा" म्हणून दार ओढून घेतलं आणि आतल्या बाजूलाच राहिली. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून ती उभी राहिली. दुपारचं ऊन फरशीवर आलं. खाली रस्त्यावर केळीवाला ओरडत गेला, मांबलम स्टेशनाकडून गाडीचा भोंगा आला. मग घर शांत झालं.

धप्प.

मांडणीवरचे स्टीलचे पेले एकमेकांना लागून किणकिणले.

धप्प.

ती श्वास रोखून दाराशी गेली. बोळात, आबांच्या खोलीतून बाहेर येत, बंडू चालत होता. उडत नव्हता. पाय टाकायचा, थांबायचा, दम घ्यायचा, जसा कुणी जाड माणूस जिना चढताना घेतो. प्रत्येक पावलाला पेले वाजत होते. त्याने सुनीतीला पाहिलं आणि तो जागीच उभा राहिला. मग हळूच, ओशाळल्यासारखा, वळून परत खोलीत गेला.

४

बंडूची अळणी बंद झाली. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं असं सुनीतीला वाटलं. जे आबांच्या अंगी लागायचं ते पाखराच्या अंगी लागतंय, तर पाखराला देऊ नये, झालं. कसं लागतंय, का लागतंय, या वाटेला तिने जायचंच नाही असं ठरवलं होतं. रोज सकाळी ती पलंगाशी बसायची आणि शेवटच्या घोटापर्यंत वाटी आबांच्या तोंडाला लावून धरायची. आबा मुकाट्याने प्यायचे. पिंजऱ्यातून बंडू बघायचा. पुढे पुढे त्याने बघणंही सोडलं.

त्याची पिसं पुन्हा गळायला लागली. झोक्यावर तो सहज बसायला लागला. तिने कपाटातून काटा काढून त्याला ठेवलं तर काट्याने सरळ आकडा दाखवला, कुठल्याही कॉकाटीलचा असावा तितकाच. सुनीतीने त्या आकड्याला मनोमन नमस्कार केला. आता ते वजन जिथलं तिथे परत गेलं असणार! ती तशीच आबांच्या खोलीत गेली, त्यांच्या काखेत हात घातले, पाय रोवले आणि जोर लावून त्यांना बसतं करायला गेली.

रिकामी घागर भरलेली समजून उचलावी, तसं झालं. आबा तिच्या हातांबरोबर वर आले, सगळेच्या सगळे, गादीपासून सुटून. तिचा तोल गेला. ती मागे कपाटावर आपटली आणि आबा तिच्या कवेत होते. त्यांचा सदरा तिच्या हातांना जाणवत होता, त्यांची ऊब जाणवत होती, फक्त भार जाणवत नव्हता.

आबा हसत होते. "अजून एकदा," ते म्हणाले. "लहानपणी तुला मी असं उचलायचो."

तिने त्यांना गादीवर ठेवलं आणि ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. नळ सोडून रडली, म्हणजे ऐकू जाऊ नये. पाखराकडून गेलेलं आबांकडे आलं नव्हतं. ते कुठेच नव्हतं. पाजावं तर आबांतलं बंडूत जात होतं, न पाजावं तर दोघांतलंही घराबाहेर चाललं होतं. बंडूत होतं तेव्हा निदान चार भिंतींच्या आत तरी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने हाडं दुप्पट आणली आणि चमचा पुन्हा पिंजऱ्यात गेला. बंडू जड झाला. झोक्याची तार तुटली म्हणून तिने त्याला पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवरच जागा करून दिली.

५

"आज सारना उभं करायचं," मुरली म्हणाला. त्याने वॉकर आणला होता. तो असा उत्साहात होता की सुनीतीला नाही म्हणवलं नाही. आणि मनाच्या एका कोपऱ्यात तिला आशाही होती. हाडांचे आजार असतात, माणसाची हाडं पोकळ होतात, म्हातारपणी असं पुष्कळांना होतं. उभं राहिलं की बळ येईल. डॉक्टरच म्हणाले होते.

मुरलीने आबांना पलंगाच्या कडेला बसवलं, वॉकर पुढे ठेवला, काखेत हात घातला. "एक, दोन, आणि वर!"

आबा उठले. खरंच उठले. कण्हले नाहीत, तोंड वाकडं केलं नाही. सुनीतीने तोंडावर हात धरला. किती दिवसांनी तिच्या बापाचं डोकं तिच्या डोक्याच्या वर होतं.

"सुपर सार! दुखतंय?"

"अजिबात नाही," आबा म्हणाले.

मुरली हसत होता. मग तो हसायचा थांबला. त्याचे हात आबांच्या काखेतून सुटून खांद्यांवर गेले. आधी सुनीतीला वाटलं, आधार देतोय. पण त्याच्या दंडाचे स्नायू फुगले होते, मानेची शीर ताठ झाली होती, आणि त्याचे दोन्ही तळवे खाली दाबत होते. तो आबांना सावरत नव्हता. तो त्यांना खाली धरून ठेवत होता.

सुनीतीची नजर जमिनीकडे गेली. आबांच्या पायांची बोटं फरशीला लागली होती. टाचा नाही.

पायथ्याशी बसलेला बंडू उठला आणि जड पावलं टाकत आबांच्या पायाशी आला. आबांच्या टाचा हळूहळू टेकल्या. मुरलीने हात काढून घेतले. त्याने आबांना निजवलं, पांघरूण घातलं, सगळं नेहमीसारखं नीट केलं. मग वॉकर तिथेच टाकून तो बाहेरच्या खोलीत आला. चप्पल घालताना त्याला पट्टा सापडेना.

"मुरली, काय झालं त्यांना? तू किती पेशंट बघतोस. सांग ना."

"डॉक्टरांना दाखवा मॅडम." तो तिच्याकडे बघत नव्हता. दारातून त्याने एकदाच मागे पाहिलं. "खिडकीला जाळी आहे ना त्या खोलीच्या?" त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता तो जिना उतरून गेला. पुन्हा आला नाही. फोन केला तर उचलायचा नाही.

६

माणूस घाबरला की त्याला कुणातरी एकावर सगळं ढकलायचं असतं. सुनीतीने ते बंडूवर ढकललं. या पाखराने हे सुरू केलं, हे घरातून जाऊ दे, मग आपण आणि आबा, पुन्हा पहिल्यापासून. कोळत्तूरला पक्ष्यांची दुकानं ओळीने आहेत, कुणीही घेईल. तिने रिक्षा बोलावली. आबांना झोप लागली होती. तिने बंडूला दोन्ही हातांनी उचलून पिंजऱ्यात घातलं. तो विरोध न करता आत गेला. पिंजरा एका हाताने उचलेना, दोन हातांनीही धड उचलेना. ती तो फरशीवरून ओढत दारापर्यंत आली आणि पायरी पायरी टेकवत जिना उतरायला लागली. सकाळचे लख्ख दहा-साडेदहा झाले असतील. कुणाच्या तरी घरी रसमची फोडणी पडली होती.

पहिल्या वळणावर ती थांबली. हाताला रग लागली होती. तेवढ्यात वरून आबांची हाक आली.

"सुनू! अगं ये, बघ तरी!"

आवाजात भीती नव्हती. पहिल्यांदाच झोका उंच गेल्यावर पोर ओरडतं, तसा आवाज होता. पण तो येत होता भलतीकडून. आबांच्या खोलीचा झरोका जिन्याच्या बाजूला होता, छताला लागून. पलंगावरून दिलेली हाक तिथून कधी ऐकू येत नसे. आता ती नेमकी तिथूनच आली होती, जवळून, झरोक्याला तोंड लावून दिल्यासारखी.

सुनीती वर कशी पोहोचली ते तिला आठवत नाही. पिंजऱ्याची कड पायऱ्यांवर आपटत होती, बंडू आत एका बाजूहून दुसऱ्या बाजूला घरंगळत होता, तिच्या पोटरीला काहीतरी लागून रक्त आलं होतं. तिने आबांच्या खोलीचं दार ढकललं.

पलंग रिकामा होता. आबांच्या अंगावरची निळी चादर पलंगाच्या वर होती, सरळ लोंबत, आणि तिचं खालचं टोक गादीपासून चांगलं हातभर सुटलेलं. सकाळच्या वाऱ्याने ते टोक हलत होतं. सुनीतीने फक्त तेवढंच पाहिलं. चादरीच्या वर तिने पाहिलं नाही. मान खाली घालून तिने पिंजऱ्याचं दार उघडलं, बंडूला छातीशी धरलं आणि गुडघ्यांवर रांगत त्याला गादीच्या मधोमध नेऊन ठेवलं. मग डोळे घट्ट मिटून घेतले.

बऱ्याच वेळाने गादीवर काहीतरी अलगद टेकलं. चादर तिच्या हातावरून सरकली.

७

तिने बंडूला उचलून आबांच्या छातीवर बसवलं. आबांचा सदरा त्याच्या पायांखाली चुरगळला आणि कितीतरी दिवसांनी गादीला खळगा पडला.

"का परत आणलंस त्याला?" आबांनी विचारलं. त्यांचं हसू मावळलं होतं. आजारपणात एकदाही न दिसलेला थकवा आता चेहऱ्यावर दिसत होता.

"तुम्ही गेला असता, आबा."

"जाणारच की गं. माणूस जातोच. असं, काही न दुखता जायला मिळतं का कुणाला?" त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. हाताची ऊब तेवढी कळली. "खिडकी उघड. त्याला बाजूला घे आणि तू जरा बाहेर जाऊन बस. लई वेळ लागायचा नाही."

"नाही."

"सुनू."

"नाही म्हटलं ना! मी एकटी काय करू इथे? कुणाशी बोलू?" ती ओरडली आणि ओरडल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. हेच खरं होतं. डॉक्टर, हाडं, व्यायाम, सगळ्याच्या तळाशी एवढंच होतं.

आबांनी तिच्या हातावरचा हात काढून घेतला. त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

बंडू त्यांच्या छातीवरून उतरायला लागला. सुनीतीने त्याला परत बसवलं. तो पुन्हा उतरायला लागला, सावकाश, आपलं काम झाल्यासारखा. उतरून तो उशीशी गेला आणि त्यानेही तोंड खिडकीकडे केलं. तिने त्याला पुन्हा उचललं. तो मघापेक्षा हलका लागत होता. हातातल्या हातात हलका होत होता.

ती पातेलं घेऊन आली. सकाळची अळणी अजून कोमट होती. तिने चमचा त्याच्यापुढे धरला. झाकणाच्या आवाजासरशी दाराशी येणारा बंडू, त्याने चमच्याकडे पाहिलंही नाही. तिने चमचा चोचीला लावला. त्याने चोच घट्ट मिटली आणि मान वळवली. आबांच्या अंगाखालच्या गादीचा खळगा भरत आला होता.

मग सुनीतीने मांडी घातली. बंडूला पदरात गुंडाळून मांडीवर आडवं घेतलं, तान्ह्या मुलाला औषध पाजताना घेतात तसं. डाव्या हाताचा अंगठा चोचीच्या फटीत घातला आणि चोच उघडून धरली. अंगठ्यातून रक्त आलं, तिने तो काढला नाही. उजव्या हाताने तिने पहिला चमचा आत ओतला. पाखराच्या घशातून आवाज आला नाही. पलंगावर, तिच्या पाठीमागे, कुणीतरी घोट गिळला.

ती क्षणभर थांबली. मागे वळली नाही. दुसरा चमचा ओतला. पलंगावर पुन्हा घोट गिळल्याचा आवाज आला, आणि मग ठसका.

"पुरे, बाळ," आबा क्षीण आवाजात म्हणाले. "पोट भरलं माझं."

"अजून थोडं," सुनीती म्हणाली आणि तिने चोच आणखी उघडली.